मशीनपुढचा नारळ

लग्न होऊन मी वारासिवनीला आले आणि मला एक वाईट खोड लागली. पंगतीत वाढताना मी पानांकडे न बघता लोकांच्या हातांकडे बघायची. कुणाच्या करंगळीचं पेरच नाही, कुणाचा अंगठा चेपून पसरट झालेला, कुणाच्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा गुळगुळीत डाग. बालाघाटला माझ्या माहेरी असे हात मी पाहिले नव्हते. आमच्या आळीत सगळे कचेरीतले, त्यांना इजा व्हायची ती फार तर टाचणीची. पहिल्याच लग्नघरी सासूबाईंनी मला मागून चिमटा काढला. "हातायकडे काय पाहून राह्यली, वाढ ना!"

घरी आल्यावर मात्र त्यांनीच सगळं समजावून सांगितलं. भाजलेला हात म्हणजे उसना, म्हणजे उकडा, तांदूळ वाफवायच्या हौदावरचा माणूस. मान एका बाजूला कललेली म्हणजे पोती वाहणारा हमाल. सारखा डोळा पुसतो तो भुशाजवळचा. बोट गेलं असेल तर इंजिनाकडचा. गावात राइस मिला बऱ्याच होत्या, आणि कोण कुठे राबतो हे त्याच्या अंगावर लिहिल्यासारखं असे. त्या गोष्टीचं कुणाला वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण पाऊस पडतो तसं ते धरून चाललेलं होतं.

आज मला त्या गावाची आठवण येते ती मात्र अशी दुखरी येत नाही. दिवाळी झाली की धानाच्या बैलगाड्यांची रांग लागायची, ती स्टेशनापर्यंत. वाफवलेल्या धानाचा तो गोडसर, ओलसर वास. वाळत घातलेल्या कपड्यांवर भुसा, केसांत भुसा, दुधावर भुसा. सकाळी मिलचं इंजिन सुरू झालं की आमच्या भिंतीवरचा देवीचा फोटो थोडा थोडा हलायचा, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत इंजिन चालू ठेवूनच माणसं पाळीपाळीनं जेवायला यायची. मला सुरुवातीला त्या धडधडीनं डोकं दुखायचं. पुढे तर सणाच्या दिवशी ती बंद असली की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आमचे हे त्या इंजिनाकडचे फिटर होते. शिक्षण बेताचं, पण यंत्राला कान लावून नुसता आवाज ऐकतील आणि सांगतील कुठे काय ढिलं आहे. वडिलांनी मला दिलं तेव्हा आळीतल्या बायकांनी नाकं मुरडली होती. कोर्टातल्या कारकुनाची मॅट्रिक झालेली मुलगी, आणि नवरा तेलकट हाताचा! मला काही वाटलं नाही. शाईच्या बोटांचे पुरुष मी जन्मभर पाहिले होते, त्यांच्यापेक्षा मला हे तेलकट हात बरे वाटले. माझ्या नाकावर राग असतो असं आई म्हणायची, आणि ह्या माणसाला राग म्हणून येत नसे, तेव्हा जोडा बरा जमला.

त्यांच्या कामातलं एक काम मला त्यांनी हौसेनं सांगितलं होतं. इंजिनाच्या मोठ्या चाकापासून धान सडायच्या यंत्रापर्यंत चामड्याचा लांब पट्टा फिरत असतो. हवेत ओल असली, पट्ट्यावर भुसा बसला की तो चाकावरून घसरायला लागतो. मग राळेचा खडा हातात घ्यायचा आणि फिरत्या पट्ट्याला आतून दाबून धरायचा. राळ वितळून चिकटते, पट्टा पकड घेतो. हे सगळं पट्टा चालू असतानाच. मी विचारलं, इंजिन बंद करून का नाही लावत? ते हसायला लागले. ते जुनं इंजिन एकदा थंड झालं की त्याच्या डोक्याला दिवा लावून ते तापवायचं, मग माणसांनी चाकाला लोंबकळून ते फिरवायचं, तेव्हा कुठे ते पुन्हा धडधडायचं. तोवर गाड्या खोळंबणार, हमाल बसून राहणार, मिलचा मालक सेठ डोक्याला हात लावणार. "बंद कराची तं सोय नाही," ते म्हणाले. "अन् मले जमते ना."

आमच्या लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील. थंडीचे दिवस, हंगाम जोरात, सकाळपासून धुकं उतरलं नव्हतं. पट्टा घसरत होता. पट्ट्याच्या सांध्याला लोखंडी कड्या असतात, त्यातली एक वर आली होती. राळेच्या खड्यासकट तिनं ह्यांचा उजवा हात ओढून नेला आणि चाकाच्या कडेला घातला. मी अंगणात पापड वाळत घालत होते. इंजिनाचा आवाज बंद पडला म्हणून मी वर बघितलं, आणि कुणी सांगायला येण्याआधीच मिलकडे धावत सुटले.

सेठनं आपल्या जीपमध्ये घालून त्यांना बालाघाटच्या दवाखान्यात नेलं, स्वतः बाकावर बसून राहिला, औषधाचं सगळं त्यानं दिलं. खरं ते खरं म्हटलं पाहिजे. तीन बोटं गेली. अंगठा आणि त्याच्याजवळचं बोट तेवढं राहिलं. ह्यांनी दवाखान्यात हूं का चूं केलं नाही. मीच तिथल्या नर्सशी भांडले, पट्टी बदलणाऱ्याशी भांडले, खिडकीचा पडदा मळका म्हणून झाडूवाल्याशी भांडले. ज्याच्याशी भांडायला हवं होतं ते यंत्र तिकडे वारासिवनीला होतं, आणि ते त्याच दिवशी दुपारी पुन्हा सुरू झालं होतं.

जखम भरत आली तेव्हा सासूबाईंनी विषय काढला. आमच्याकडे तेव्हा एक रीत होती. मिलमध्ये कुणाला लागलं की बरा झाल्यावर त्या माणसानं नारळ घेऊन जायचं, ज्या यंत्रानं लागलं त्याला कुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि हात जोडून म्हणायचं, चुकलो, माफ कर. मग सेठ त्याला धोतरजोडी, तांदळाचं पोतं आणि हातावर काहीतरी द्यायचा, सगळ्यांना चहा व्हायचा, आणि तो विषय तिथे संपायचा. यंत्राचं रक्ताचं तोंड त्यानं बंद होतं असं म्हणत. माफी मागितली नाही तर ते पुन्हा त्याच घरचं माणूस मागतं.

ह्यांनी पहिल्यांदा आणि शेवटचं आईला उलट विचारलं. "काहून माय? मी का केलं? मशीननं माहे बोटं तोडले, अन् माफी मी मागू?"

"तिच्या अंगाले हात तं तू लावला ना, बापू," सासूबाई म्हणाल्या. "चालत्या मशीनीच्या अंगाले हात लावू नये. माह्या बापाचा पाय असाच गेलता ऊसाच्या चरकात. माफी मागतली नाही त्यानं, अकडू होता. मंग माहा भाऊ गेला त्याच चरकात. एक हात राह्यला आहे तुहा. तो मले पायजे."

त्या बाईच्या पोटातली भीती मला कळत होती आणि तळपायाची आग मस्तकात जातही होती. सासूबाई तशा सगळ्यांचीच माफी मागायच्या. केरसुणीला पाय लागला की तिला हात लावून कपाळाला लावायच्या, धानाच्या दाण्यावर पाय पडला की दाण्याला, चुलीवर दूध उतू गेलं की चुलीला. पण चुलीला हात जोडणं आणि आपल्या पोराला चार लोकांपुढे मान खाली घालायला लावणं, यात फरक आहे की नाही? मी भांडी आदळली. आमच्या घरात माझं मत कळायचं ते असं.

ते गेले. सगळी मिल गोळा झाली होती म्हणे. डाव्या हातानं कुंकू लावलं, नारळ दुसऱ्यानं फोडून दिला, आणि हे मोठ्यानं म्हणाले, "चुकलो, माफ कर." घरी आले तेव्हा खांद्यावर धोतरजोडी होती आणि मागून हमाल पोतं घेऊन आला. ते ओट्यावर बसले आणि उजव्या हातावर पंचा टाकला. त्यानंतर घरातही तो हात उघडा दिसला नाही.

तेव्हापासून ते एकच वाक्य बोलायचे. जेवताना, झोपताना, मध्येच कधीतरी. "माही चूक होती का वं?" मी म्हणायची, नव्हती. ते म्हणायचे, "तू तं म्हणशीनच."

त्या दरम्यान मी माहेरी गेले. आमच्या घरासमोर एक वकीलकाका राहत. काळा कोट उन्हानं हिरवट पडलेला, तोंडात कायम पान. राजधानी नागपूरहून भोपाळला गेल्यापासून कोर्टात हिंदीचंच राज्य झालं, पण काका अर्ज हिंदीत लिहायचे आणि शिव्या मराठीत द्यायचे. माझे वडील आयुष्यभर सांगत आले की शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, आणि स्वतः ती रोज सकाळी चढत. पण माझं ऐकल्यावर तेच मला हाताला धरून समोर घेऊन गेले. काकांनी पान थुंकलं आणि म्हणाले, "धोतरजोडी ही मेहेरबानी झाली. हातासाठी कायदा आहे, पोरी. कामावर असताना कामामुळे अंग गेलं तर भरपाई द्यावी लागते. भीक नाही ती."

मला नाचावंसं वाटलं. घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. ज्या सेठनं जीपमध्ये घालून नेलं त्याच्यावर खटला? नारळ फोडून झाल्यावर, पोतं खाऊन झाल्यावर? "लोक थुंकतीन तोंडावर. अन् माफी मागून पलटलो आपण, तं मशीन सोडनं का?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आईपुढे हा माणूस काही बोलणार नाही. त्यांनी पंच्याखालचा हात कुरवाळला. मग म्हणाले, "तिथं साहेब बसते ना? तो सांगीन ना चूक कोणाची होती थे?"

"सांगणारच की," मी म्हणाले.

"मंग चाल. पैशाचं राहू दे. एखाद्या मोठ्या मानसानं म्हणावं का पोरा, तुही चूक नव्हती. बस."

असा आमचा खटला उभा राहिला. मला भरपाई हवी होती, कारण इंजिनाकडचं काम आता दोन बोटांच्या माणसाला कोण देणार? ह्यांना एक वाक्य हवं होतं. आणि सासूबाईंना काहीच नको होतं, पोराचा उरलेला हात सोडून.

तारखांचे ते दिवस मला आज सहलीसारखे आठवतात, याचं माझं मलाच हसू येतं. सकाळी छोट्या लाइनीची गाडी, लाकडी बाक, खिडकीतून येणारे कोळशाचे कण. सासूबाई नाराज होत्या पण पोराला एकटं सोडायला तयार नव्हत्या, त्यामुळे त्याही. फडक्यात ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, कच्चा कांदा. वैनगंगेचा पूल आला की त्या नदीला हात जोडून खाली पैसा टाकायच्या आणि माझ्याकडे रागानं बघायच्या, जणू मी नदीवरही दावा लावणार होते. कचेरीच्या आवारातल्या झाडाखाली आम्ही बसायचो. तिथेच सेठही बसायचा, आपला डबा उघडून. त्यातलं लोणचं तो सासूबाईंना द्यायचा आणि त्या त्याला कांदा द्यायच्या. आत पुकारा झाला की दोघंही हात धुऊन एकमेकांच्या विरुद्ध उभे राहायला जात. सेठ मला एकदा म्हणाला, "बहू, हमने क्या कमी की थी?" मी म्हणाले, "सेठजी, आपने कमी नहीं की. पर उँगली तो कम हुई ना." त्यानं मलाही लोणचं दिलं.

कामगारांच्या भरपाईचे असे खटले ऐकणारा साहेब तरुण होता, बाहेरगावचा, फार कमी बोलणारा. सेठचा वकील मात्र बोलका. त्याचं म्हणणं असं की चालत्या पट्ट्याला हात लावू नये असा मालकाचा सक्त हुकूम होता. ह्यांनी तो जाणूनबुजून मोडला. आणि हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी सगळ्या मिलसमोर नारळ फोडून चूक कबूल केली. त्याला साक्षीदार शोधायची गरज पडली नाही. त्यानं सरळ सासूबाईंना बोलावलं.

मला वाटलं, त्या आता तरी सांभाळून बोलतील. कोर्टात शपथ घेतल्यावर माणसं किती गोष्टी विसरतात हे मी वडिलांकडून लहानपणापासून ऐकलं होतं. पण सासूबाईंना शपथ म्हणजे शपथ.

"माँजी, आपके बेटे ने मशीन से माफी माँगी थी?"

"हौ, मांगी ना. मीनंच मांगाले लावली."

"किस बात की माफी?"

"चूक झाली ना त्याच्यानं. त्याची."

वकिलानं साहेबाकडे बघून मान झुकवली आणि खाली बसला. काकांनी रुमालानं तोंड पुसलं. ह्यांच्याकडे मी बघूच शकले नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय म्हणायचं? त्या दिवशी परतीच्या गाडीत मी सासूबाईंकडे पाठ करून बसले आणि वारासिवनी येईपर्यंत वळले नाही.

पुढच्या तारखेला सेठची पाळी होती. काकांनी उठून काही विचारायच्या आतच साहेबानंच त्याला विचारलं की पट्टा घसरला तर तुमच्याकडे काय करतात?

"राल लगाते हैं, साहब."

"मशीन बंद करके?"

सेठचा वकील खुर्चीतून अर्धा उठला. पण सेठला कळलंच नाही की इथे थांबायचं असतं. तो धंद्याची गोष्ट निघाली म्हणून खुलला. "अरे नहीं साहब, बंद कैसे करेंगे? इंजन ठंडा हो गया तो फिर आदमी लगाओ, दिया लगाओ, आधा दिन गया. चलते में ही लगाते हैं. हमारे यहाँ क्या, सब मिल में चलते में ही लगती है. इसका हाथ बहुत साफ था, इसीलिए इसको रखा था."

साहेबानं लिहायचं थांबवलं. "तो हाथ न लगाने का हुक्म कब दिया था?"

सेठनं आपल्या वकिलाकडे बघितलं. वकिलानं छताकडे बघितलं. काकांच्या तोंडातलं पान तसंच राहिलं, चावायचं ते विसरले.

सेठच्या वकिलानं शेवटी नारळाचा मुद्दा पुन्हा काढला, की कबुली तर आहेच. त्यावर तो साहेब जे बोलला ते मला शब्दाशब्दानं आठवत नाही, पण मतलब असा होता. गलती किसकी थी, हा प्रश्न माझ्यापुढे नाहीच. मी तो विचारत नाही. माणूस कामावर होता, कामाचंच काम करत होता, त्यात त्याचा हात गेला. कायद्याला एवढं पुरे. भरपाई द्यावी लागेल.

मी तिथेच काकांच्या पाया पडले. वडील कुठूनसे पेढे घेऊन आले. सेठ बाहेर येऊन ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चल, निपट गया. चाय पी ली?" त्याच्या मनात काही नव्हतं, हे मला आजही म्हणावं लागतं. हे त्याच्याकडे वळले. मग म्हणाले, "सेठजी, मेरी गलती थी क्या?"

"अरे छोड़ भाई," सेठ म्हणाला. "ऊपरवाले की मर्जी."

आणि तो चहा सांगायला गेला.

त्या पैशातून पुढे ह्यांनी बसस्टँडजवळ पाण्याचे पंप आणि सायकली दुरुस्त करायचं दुकान टाकलं. अंगठा आणि एका बोटात पाना धरून ते अशी कामं करायचे की दोन्ही हात धड असलेली पोरं बघायला उभी राहत. बरीच वर्षं चाललं ते दुकान. आता ते नाहीत, सासूबाई तर त्यांच्याही आधी गेल्या. छोटी लाइन मोठी झाली. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी गाडीत मात्र आमच्या बाकावर सुतक असल्यासारखं होतं. पेढ्याचा पुडा मांडीवर, आणि हे खिडकीबाहेर बघताहेत.

"साहेबानं विचारलंच नाही," ते म्हणाले.

"काय विचारायचं?"

"चूक कोणाची होती थे. मी म्हणलं सांगीन. त्यानं विचारलंच नाही."

माझा पारा चढला. वर्षभर अर्ज, तारखा, गाडीभाडं, लोकांची बोलणी, आणि जिंकल्यावर ह्या माणसाचं तोंड असं! "अहो, पण चूक तुमची होती असं म्हटलं तरी कुणी?" मी म्हणाले, आणि डब्यातल्या चार बाया वळून बघायला लागल्या इतक्या मोठ्यानं म्हणाले. "सेठ कधी म्हणाला? उलट हात साफ होता म्हणाला. साहेब म्हणाला? त्यानं तर विचारायचंच नाही म्हटलं. मिलमधला एक माणूस दाखवा मला जो म्हणाला असेल. त्याचा वकील म्हणाला, तर तोही ऐकीव माहितीवर. मग सांगा ना, चूक तुमची होती असं आपणहून म्हटलं कुणी..."

आणि मी थांबले. समोरच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या. फडक्याची गाठ त्यांच्या हातात होती, ती त्यांनी सोडली, बांधली, पुन्हा सोडली. वैनगंगा आली आणि गेली. त्यांनी हात जोडले नाहीत. त्यांचं लक्षच नव्हतं.

मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना, एवढं खरं. त्यांनी पोराचा हात वाचवायला जे केलं होतं ते त्यांच्यापुढे असं उलटं येऊन बसलं होतं, आणि गाडीच्या डब्यात बाईला उठून कुठे जाताही येत नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मिलचं इंजिन चालूच होतं. हे ओट्यावर बसले. मी पाय धुवायला पाणी आणायला वळले, तर सासूबाई आत न जाता ओट्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. आमच्याकडे आई पोराच्या पायांशी बसत नाही. हे दचकून उठायला लागले तर त्यांनी त्यांचा गुडघा धरून खाली बसवलं. मग त्यांच्या उजव्या हातावरचा पंचा त्यांनी काढला. तो दोन बोटांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि दाण्याला पाय लागल्यावर लावायच्या ना, तसा आधी डोळ्यांना आणि मग कपाळाला लावला.

"अव माय, काय करून राह्यली?" हे हात ओढायला लागले. त्यांनी सोडला नाही.

"मले माफ कर, बापू," सासूबाई म्हणाल्या. "तुही चूक नव्हती. तू मले विचारलं होतं, काहून म्हणून. मी मशीनीले भेली, अन् तुह्यं आयकलंच नाही."

दवाखान्यात ज्यानं तोंडातून आवाज काढला नव्हता तो माणूस तेव्हा रडला. मोठ्यानं, लहान पोरासारखा, शेजारचे दारात येईपर्यंत. सासूबाईंनी त्यांना गप्प केलं नाही. तो हात कपाळाला तसाच धरून त्या एवढंच म्हणत राहिल्या, "रड बाप्पा, रड. तुही नव्हती."